धरणारा

कुत्रं धरायचं मानेच्या मागून,
एक हात जबड्याखाली, कोपर फासळीवर,
छातीशी इतकं जवळ
की त्याला वाटावं लाड चाललेत
आणि डॉक्टरला वाटावं, आता हलत नाही.
मांजर टॉवेलात.
पोपटाची मान धरायची, छाती नाही;
छाती दाबली की संपला.
हे मला गणवीरबाबांनी शिकवलं,
ज्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.

धरमपेठेत आमचा दवाखाना.
मे महिन्यात दुपारी दोनला
कूलरची खस पाणी पिता पिताच वाळते
आणि बर्फाच्या मुलखातलं केसाळ जनावर
शेहेचाळीस डिग्रीत जीभ टाकून टेबलावर येतं.
आणणाऱ्याला मी काही म्हणत नाही.
ओलं फडकं जांघेत, पंजांवर, पंखा जवळ.
काउंटरवरचा डबा बोलतो,
"चार हजार दोनशे रुपये मिळाले."
माझा महिना अकरा हजार पाचशे.
डबा जेवणाच्या सुटीआधीच तिथवर पोचतो.
त्याचा राग नाही.
निदान तो मोठ्याने सांगतो.

"शालिकभाऊ, मुक्या जिवाची सेवा करता,
लय पुण्य आहे तुम्हाला,"
म्हणतात ताई, बोटात गाडीची चावी फिरवत.
हाव ना ताई.
वाठोड्याच्या घरमालकाला सांगून पाहिलं एकदा.
तो हसला, मीही हसलो,
मग त्याने भाडं मोजून घेतलं.

डॉक्टर अबोली मॅडम साडेपाच वर्षं शिकल्या
सेमिनरी हिल्सला.
त्यांचा पगार मी विचारला नाही.
परवा पंपावर दिसल्या,
स्कूटीत पन्नासचं पेट्रोल, तेही चिल्लर शोधून.
कधी कधी त्या एक्स-रेच्या खोलीत
अंधार करून बसतात,
आत पेशंट नसताना.
मी बाहेरचा लाल दिवा लावून ठेवतो.
तेवढं मला करता येतं.

मंगळवारी तीन गेले.
म्हणजे आम्हीच पाठवले.
मालक गाडीत बसून राहतात, एसी सुरू ठेवून.
"आमच्याने नाही बघवणार."
खरं आहे.
मग बारा वर्षं ज्या हातची पोळी खाल्ली
तो हात नसतो,
शेवटचा वास माझा येतो त्यांना,
फिनाईल, घाम, खर्रा.
केसपेपरवर बघून मी कानात नाव घेतो.
सिम्बा. कोको.
तिसऱ्याचं बघायचं राहिलं.

राहिलं, हे आठवलं दुसऱ्या संध्याकाळी,
आपली बसमध्ये, दांडा धरून उभा असताना.
आणि आत काही हललं नाही.
काहीच नाही.
त्याची भीती वाटली,
तीही थोडीशीच.

त्या रात्री पोरीला ताप.
मी तिचा ओठ उलटवून हिरडीचा रंग पाहिला.
मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली,
किती वेळात बसते ते मोजलं.
आणि कधी कोण जाणे
एक हात हनुवटीखाली, कोपर फासळीवर.
"बाबा, सोडा ना," ती म्हणाली,
"मी नाही पळत."
रत्नमाला भिजवलेली पट्टी घेऊन दारात उभी.
"अहो, पोरगी आहे ती."
सोडलं.
मग माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना.
पहाटेपर्यंत मांडीखाली घालून बसलो.

सकाळी शटर अर्धंच वर केलं,
झाडू नाही, फिनाईल नाही,
आधी रजिस्टर.
मंगळवार, शेवटून दुसरी ओळ,
मॅडमचं थकलेलं, उतरत गेलेलं अक्षर:
जिलबी. मादी. चौदा वर्षे.

जिलबी, म्हटलं मी रिकाम्या टेबलाला.
कान नव्हता, म्हणून जरा मोठ्याने.
काउंटरवरचा डबा अजून बंद होता.