खोडलेल्या ओळीपाशी

वडगावच्या बोळात लाईट गेली की माग बंद पडतात
आणि मग कळतं,
विरूपाक्ष हंजी सकाळपासून वाजवत होते.
चाळीस वर्षं असंच, मागांच्या खटखटीखाली,
विहिरीच्या तळाशी कुणी कळशी घासावी तसं.

मी कविता घेऊन गेले तेव्हाही लाईट गेलेली.
त्यांना देवनागरी हळू वाचता येते.
म्हणाले, तूच वाच. वाचली.
परत वाच. वाचली.
आता तोंड मिटून वाच.
तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं
माझ्या ओळी कुठे दम खातात ते.

मग विचारलं, मोकळं आणि मोकाट, फरक काय?
खानापूरच्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवते मी,
पण पटकन सांगता येईना.
म्हटलं, मोकळं आपण होतो. मोकाट लोक म्हणतात.
ते हसले. आमच्यात बिडुगडे, म्हणाले.
त्यातलं बिडु म्हणजे सोड.
गज धरणाऱ्या पोरांना दिवसभर तेच सांगतो,
बिडु, बिडु. आवळलास की तार ओरडते.

कागदावर एका जागी बोट ठेवलं.
इथे काय खोडलंयस?
काही नाही.
इरली, म्हणाले, आणि गजाला राळ घासत बसले.

कविता म्हणजे फार काही नव्हतं.
बाबा गेले त्याच्या चौदाव्या रात्री
आई पालथी झोपली, हातपाय पसरून,
पलंगाच्या मधोमध,
लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाल्यावर.
मी पाणी प्यायला उठले होते, तांब्या हातात, बघत राहिले.
एवढंच.
पाहुण्यांत वाचण्यासारखी नाही.

कार्यक्रम शहापुरात, एका लग्नाच्या हॉलात,
मागे कालच्या वरातीची झेंडूची माळ तशीच लोंबत.
निवेदक आधी कन्नडमधून बोलला, मग मराठीतून,
दोन्ही वेळा मनगटावरचं घड्याळ बघून,
कुणाला मिनिटभर जास्त जायला नको.
स्वातंत्र्यावरच्या एका कवितेवरून ही रचना, म्हणाला.
मागच्या रांगेतले एक आजोबा ताठ बसले,
उठून उभं राहायला लागेल की काय म्हणून.
आई पहिल्या रांगेत.
तिला सांगितलं होतं, ओळखीचे गृहस्थ आहेत,
पिटील वाजवतात.

व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून
त्यांनी जाड तारेवर सुरुवात केली,
कुणीतरी अंधारात चपला शोधतंय अशी.
शब्द कुठेच नव्हते.
माझे मीच शोधत होते, तांब्या, पलंग, चौदावी रात्र,
आणि सापडत होतं भलतंच,
आईचा अंगठा,
भाकरी थापताना ताटाच्या कडेवर थांबलेला.

मधे एका सुरावर ते चढत गेले, चढत गेले
आणि गज उचलला.
थांबले.
पंखा ऐकू आला. कुणाचीतरी बांगडी.
मागे स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवलं कुणी.
इतका वेळ थांबले की निवेदक खुर्चीतून अर्धा उठला.
मला माहीत होतं ते कुठे थांबलेत.
मग पुढचा सूर आला,
आला म्हणजे, पसरला,
अंथरुणभर.

परत येताना गोवावेसला रिक्षा सिग्नलला उभी.
आई म्हणाली, मधेच थांबले की गं ते.
हो.
मी कडी वाजायची वाट बघत होते.

मी खोडलेली ओळ अशी होती:
बाहेरून कडी वाजली की
आईचं अंग झोपेतच लहान व्हायचं.
ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली नव्हती.
तिलाही नाही.

वाजली? मी विचारलं.
नाही की.
मग?
मग काय. पुढचं ऐकलं.
आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली,
हळू घे रे बाबा, तिथं खड्डा आहे.