अटर्न

रविवारी सकाळी तुळसकर नोटीस घेऊन आले,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून, भिजू नये म्हणून.
"तुम्ही कोर्टात भाषांतराला होता ना. एवढा एकच शब्द अडलाय.
नातू म्हणतो छपाईची चूक आहे,
रिटर्नमधला रि उंदरानं खाल्ला."

चूक नव्हती.
धोबीतलावला, लघुवाद न्यायालयात, सव्वीस वर्षं
हा शब्द मी मराठीत आणत होते
आणि दर वेळी तो थोडा लंगडतच यायचा:
नव्या मालकास मालक मानणे.
भाडेकरूपण त्याचेकडे वळते करणे.
एकदा घाईत नुसतंच 'मान्य करणे' लिहिलं,
तर साहेबांनी पेन्सिलीनं गोल केला.
काय मान्य? कोणी? कोणाला?

चहा घ्या, सांगते.
जुन्या फ्रेंचमधून आलाय. अर्थ, कडे वळणे.
सरदारानं जमीन विकली की कुळं जुन्या धन्याकडून
नव्याकडे तोंड करून उभी राहायची.
नाही वळली, तर विक्री कच्ची.
हो, कच्ची. कुळांच्या मानेवर अडायचा व्यवहार.
ॲटर्नी त्याच घरातला,
आपलं काम ज्याच्याकडे वळवलं तो.
आणखी मागे, लॅटिनच्या परसात गेलात
तर तिथे एक यंत्र आहे. लेथ.
शब्दाचं मूळ तिथं.

तुळसकर गोदीत टर्नर होते. एकतीस वर्षं.
कप खाली ठेवला त्यांनी,
अंगठा तर्जनीवरून हळू फिरवला,
सुताएवढी कसर राहिलीय का बघावं तसा.
"म्हणजे आमचाच शब्द की.
पण बाई, लेथवर फिरतो तो जॉब.
हत्यार जागेवर असतं.
जागेवर राहून कापतं."

हे माझ्या कुठल्याच कोशात नव्हतं.

मी व्याकरणाकडे वळले, तिथं जरा सुरक्षित वाटतं.
याला कर्म नाही. मालकाला अटर्न करता येत नाही,
मालकाकडे व्हावं लागतं.
इंग्रजीत टू, आपलं कडे. ते विसरलं की वाक्य कोसळतं.
कर्ता भाडेकरूच, मालक कधीही नाही.
आणि आज्ञार्थाबद्दल मला शंका आहे:
वळा म्हटल्यावर जो वळला
तो वळला नाही, वळवला गेला.
(गुरं वळतात, तिथे वळणारा वेगळा असतो.)

वरच्या मजल्यावरून ड्युल्सिनबाईंच्या चादरीचं पाणी
खिडकीच्या पत्र्यावर टपटपत होतं.
त्यांनाही आलीय नोटीस. सगळ्या बावीस खोल्यांना.
धनमाई होत्या तोवर मुनीम पहिल्या तारखेला यायचा,
स्टुलावर बसून चौऱ्याऐंशी रुपये दोनदा मोजायचा,
पावतीवर थुंकी लावून तिकीट.
आता मालकाच्या जागी तीन अक्षरं आणि प्रायव्हेट लिमिटेड.
तुळसकर म्हणाले, "याचं तोंड कुठं आहे
ते कळलं, तर तिकडे वळू ना."

एक सांगायचं होतं, ते मी बराच वेळ चहात ढवळत बसले.
आपल्या कायद्यात याची गरजच नाही.
तुम्ही वळा, नाहीतर भिंतीकडे बघत बसा,
मालकी गेली ती गेली. वळणाचं पाणी वळणाला.

"मग मागतात कशाला?"

सव्वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
आम्ही शब्द विचारायचो.

उत्तर मराठीतच लिहा म्हणाले.
मी तारीख घातली, माझगाव घातलं, खोली नंबर नऊ.
त्यांनी एकच वाक्य सांगितलं:
आपली नोटीस पोचली, आम्ही इथे उभे आहोत.
कोणाकडे तोंड करून, ते सांगितलं नाही.
मीही जागा कोरी सोडली,
आणि सहीसाठी पेन त्यांच्याकडे
वळतं केलं.