व्हाया वाडी

माझं दुकान म्हणजे मागची खोली,
एक शिलाई मशीन, एक सेकंडहँड लॅपटॉप
आणि नंदनवनातल्या मे महिन्याशी
दिवसभर भांडणारा कूलर.
पाटी नाही. दुकान पडद्यावरच उघडतं.
मी ब्लाउज शिवते,
ऑपरेशननंतरचे,
आतून खिसा, खिशात मऊ कापूस.

बायका मापं पाठवतात.
इतर शिंप्यांकडे मापं म्हणजे आकडे.
माझ्याकडे येतात ती अशी:
‘उजवी चौतीसच्या हिशोबानं धरा. डावी नाही.’
‘टाके ओले आहेत, काखेत शिवण नको.’
एकीनं तर नुसतं लिहिलं होतं,
‘मुलाला अजून सांगितलेलं नाही.’
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

म्हणून रकानेच कमी ठेवले.
वेबसाइट करून देणारा पोरगा म्हणाला,
‘ताई, जन्मतारीख तर सगळेच विचारतात.’
विचारोत.
मला वाढदिवसाला कुणाला फूल पाठवायचं नाही.

लॅपटॉपचा पासवर्ड सासऱ्यांनाही ठाऊक नाही.
पेन्शनचं पाहायचं असलं की
मी उघडून देते आणि शेजारी बसून राहते,
त्यांना वाटतं, सून फार काळजी घेते.

पार्सल पोचलं, ब्लाउज अंगाला बसला,
की तीन महिन्यांनी सगळं पुसते.
लॅपटॉप विचारतो, नक्की?
नक्की.
कागदी चिठ्ठ्या कूलरखालच्या बादलीत बुडवते,
शाई सुटते, पाणी निळं होतं,
त्या पाण्यावर तुळस वाढत नाही,
पण मरतही नाही.

बर्डीहून एक गृहस्थ आले होते, डोर्लीकर.
नंबरामागे चार रुपये म्हणाले,
‘नावं नकोत हो, नुसते नंबर.’
मी मनात सोळाशेला चारानं गुणलं, खोटं कशाला बोलू.
कूलरची मोटर आली असती, वर उन्हाळ्याचं वीजबिल.
मग दिसलं,
भर दुपारी कणकेच्या हातानं फोन उचलणारी कुणी,
फोन स्पीकरवर,
समोर पोरगा जेवतोय,
आणि पलीकडून गोड आवाज: ‘मॅडम, आपल्या आजारासाठी खास...’
नाही म्हटलं.
चहा मात्र पाजला, ऊन फार होतं.

कुरियरचा प्रज्वल खोका हलवून पाहतो.
‘ताई, का असते जी ह्याच्यात?’
कापड.
‘कापडाले एवढा टेप?’
धूळ जाते रे.
खोक्यावर दुकानाचं नाव नसतं,
आत काय ते नसतं,
पाठवणाऱ्याच्या जागी पोस्टातला एक पेटी क्रमांक.

मागच्या चैत्रात एक ऑर्डर आली.
पत्ता वाचला आणि मशीनवरचा पाय थांबला.
आमच्याच मागची गल्ली.
माझ्या दारापासून चाळीस पावलं.
सकाळी भाजीच्या ठेल्यावर आम्ही दोघी
एकाच ढिगातली वांगी निवडली होती,
पदर घट्ट लपेटून ती म्हणाली होती,
‘काहून इतकी महाग देतं, भाऊ?’
आणि मी हसले होते.

ब्लाउज शिवला. माझा सर्वांत बारीक टाका.
न्यायला पाच मिनिटं लागली नसती,
चप्पलही नसती घातली तरी चाललं असतं.
पण मग तिला कळलं असतं की मला कळलंय.
मी प्रज्वलची वाट पाहिली.
पार्सल वाडीच्या गोदामात गेलं,
रात्रभर परगावच्या खोक्यांत निजलं,
अख्खं नागपूर दोनदा ओलांडून
तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत पोचलं.
पंचावन्न रुपये लागले. ते मीच भरले.

परवा ठेल्यावर ती पुन्हा भेटली.
पदर सैल, खांद्यावरून सहज सोडलेला.
‘तुम्ही घरी काय करता हो दिवसभर?’
थोडंफार शिवणकाम, मी म्हटलं
आणि डोळे वांग्यांवर ठेवले.

ती वाचत असेल तर सांगते:
गल्ली मागची नव्हती,
वांगी नव्हती,
आणि चाळीस पावलंही
मी मोजून खोटी लिहिली आहेत.