समुद्राच्या नावे, एक विटी

शके अठराशे नऊ. पान सतरा.
अक्षर माझं, शाई मोरोबाशेटची.
पाच बंदरांचे पाच संघ, दसरा ते शिमगा हंगाम,
विटीदांडूच्या गड्याला महिना सात रुपये,
वर पायलीभर उकडे तांदूळ.

पैसे घेऊन खेळतात म्हणून
देवळात त्यांच्याशी नीट बोलत नसत काही जण,
आणि तेच जण सामन्याला
भल्या सकाळी येऊन माडाखालची जागा धरत.
पैसे आले की खेळ उरतो का रे, भटजींनी मला विचारलं.
मी म्हटलं, दक्षिणा घेतल्यावर मंत्र उरतो ना.
मग महिनाभर त्यांनी मला तीर्थ दिलं नाही.

जैतापूर पौषातच गळालं.
विजयदुर्गाचा पहिला गडी मचव्यावर चढला तो परतलाच नाही.
देवगडनं आम्हाला हरवलं, मग सगळ्यांकडून हार खाल्ली,
जणू तेवढ्याचसाठी उतरले होते.
उरलो वेंगुर्लेकर आणि मालवणकर.
माघ सरला तेव्हा अकरा-अकरा.
फाल्गुनात एकदा ते पुढे, एकदा आम्ही;
रापणीचे दोन दोर दोन टोळ्या ओढतात
आणि मधे मासळी आहे की नुसतं शेवाळ
हे कुणालाच माहीत नसतं, तसं.

शेवटचा सामना आमच्या पुळणीवर, सुकती बघून नेमलेला.
पण वारा पडला, मालवणची होडी दोन तास उशिरा लागली.
झिलू तांडेल खेळायला उभा राहिला
तेव्हा पाणी परत फिरलं होतं.

हवे होते एकशे अडुसष्ट दांडू.
सातांच्या मोजणीनं चोवीस झक.
पहिला टोला सरळ. दुसरा जरा कापला.
तिसऱ्याला बस्त्याव मागे मागे धावला, हात वर करून,
आणि विटी त्याच्या बोटांवरून फेसात गेली.

मोजायचं प्रतिपक्षानं, हा नियम.
इसाक होडेकर दांडू घेऊन निघाला.
वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक.
या शब्दांचा अर्थ आमच्यात कुणालाच लागत नसे,
कुठल्या तरी मुलखातून मिठाच्या गोणींबरोबर आले असतील.
वकट, लेंड, मूंड.
पाणी घोट्यावर आलं. तो वाकून वाळूवर दांडू टेकवत राहिला,
बोटानं खूण धरून, कुणी बघत नसल्यासारखा.
पाणी गुडघ्यावर. तेवीस झक भरले.
वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद.
किनाऱ्यावर कुणाच्या तरी हातातलं मूल रडलं
आणि तिनं त्याचं तोंड दाबलं.

विटी शिवणीची, हलकी.
इसाकच्या पुढ्यात एक दांडूभर अंतरावर होती,
मग अर्धा. मग लाटेनं तिला तीन दांडू लांब नेलं
आणि मनात काय आलं कोण जाणे, परत आणून दिलं.
ती पडली कुठे होती? ज्या जागी पडली
ती जागा तरी तिथे होती का आता?
हात लांबवला असता तर उचलता आली असती.
त्यानं उचलली नाही.
वळून माझ्याकडे बघत ओरडला,
"रे कारकुना, काय लिवतलंस?"

मी वेंगुर्ल्याचा. पगार वेंगुर्ल्याचा.
दौतीत बोरू बुडवला, तो बुडवलेलाच राहिला.

फुटक्या गलबतावरची पितळी घंटा, जिंकणाऱ्यांसाठी घासून ठेवलेली,
त्या रात्री कुणीच नेली नाही.
दोन्ही गावांचे गडी एकाच चुलीवरचं जेवले,
भांडले, पुन्हा जेवले.
ज्येष्ठात शेटची फत्तेमारी खडपावर गेली
आणि पुढच्या दसऱ्याला पगार द्यायला कोणी नव्हतं.

पान सतरावर निकालाचा रकाना अजून कोरा आहे.
खाली खर्चाच्या बाजूला मात्र मी लिहिलंय,
कारण हिशेब तर जुळायलाच हवा:
विटी नग एक, शिवण, किंमत सहा पैसे,
समुद्राच्या नावे. येणे बाकी.