अधोरेषा

पर्वरीला, तिसऱ्या मजल्यावर, साडेसहाला मला ती सापडली.
कागदपत्रांत नव्हती.
चालत्या प्रोग्रामलाच विचारलं, पोटात काय काय आहे तुझ्या,
तर त्याने चारशे बारा नावं ओकली;
त्यातलं एक, आधी छोटीशी अधोरेषा असलेलं,
खाजणाच्या बांधासारखी आडवी.

आम्हाला एवढंच हवं होतं :
चोडणच्या फेरीबोटीवर, भर उन्हात,
वेळ निवडायच्या चक्रावरचे आकडे काळे दिसावेत.
फ्रेमवर्कने त्याला दार ठेवलं नव्हतं.
रंग त्याचा. आपण फक्त चक्र फिरवायचं.

लवीना म्हणाली, नाका गो, तें तांच्या घरांतलें.
मी नावाचे तुकडे केले,
अधोरेषा एका ओळीत, उरलेलं नाव दुसऱ्या,
चालताना जुळतील असे,
तपासणाऱ्याच्या नजरेला लागू नयेत म्हणून.
आकडे झाले तव्यासारखे काळे.
कुष्टाबाब फोन लांब धरून म्हणाला,
आतां दिसता.

सप्टेंबरात नवी आवृत्ती आली.
रायबंदरच्या धक्क्यावर सकाळच्या पहिल्या बोटीला
चक्राला बोट लागलं रे लागलं की ॲप मिटायचं,
एकाचं, मग शेजारच्याचं,
मग कोळंबीची टोपली घेतलेल्या बाईचं.
लॉगमध्ये एकच वाक्य, दोनशेदा :
ही मेथड ओळखत नाही.

काल रात्रीपर्यंत ओळखत होतास.

सात वर्षांची असताना मी मानशीची फळी उचलली होती,
भरती चढत असताना,
आत अडकलेला खेकडा बघायला.
ते दार ओहोटीला आपण होऊन उघडतं,
भरतीला आपण होऊन मिटतं,
कुणी हात लावावा असं त्यात काही नाही.
खारं पाणी किती आत गेलं मला कळलं नाही.
त्या कोपऱ्यात दोन वर्षं कोरगुटसुद्धा उगवलं नाही,
आणि कुष्टाबाब एक शब्द बोलला नाही,
फक्त फळीला दोरी बांधली, माझ्या उंचीच्या वर.

चार ओळी पुसल्या.
दुरुस्ती पाठवली. दोन दिवस वाट पाहिली.
लवीनाने चहा आणून ठेवला, काही न बोलता,
तेही बोलण्यासारखंच होतं.

आकडे पुन्हा फिके.
मी आज फेरीवर उभी राहून पाहिलं :
माणसं फोनवर तळहाताची सावली धरतात,
वेळ वाचतात,
हात खाली घेतात.