मॉडेल

भुवईला केस किती असतात, मोजलेत कधी?
मी मोजलेत. डावीला चारशे सोळा.
उजवीला कमी, तिथं सायकलवरून पडल्याची
जुनी, पांढरी चीर आहे.

एकेक केस सुईनं सिलिकॉनमध्ये रोवायचा,
तिरपा, वाढीच्या कलानं.
अप्पा चितार ओळीत गणपतीचे डोळे आखतात,
श्वास रोखून, एका दमात.
म्हणाले, "देवाले इतके दिवस नाही लागत पोरी.
हा कोण लागून गेला?"

हा परसराम निनावे.
आधी मागावर होता, म्हणून मान अशी पुढं.
मग तेवीस वर्षं आर्ट कॉलेजात, स्टुलावर.
पोरांनी कोळशानं त्याची बोटं बिघडवली, नाक लांबवलं,
एकानं तर वेळ संपली म्हणून डोकंच दिलं नाही.
साच्यासाठी नाकात नळ्या घालून निजला,
उठल्यावर म्हणाला, "आत मस्त गार होतं जी."

प्रदर्शन मे महिन्यात. बाहेर सेहेचाळीस.
आत एसी, आणि बनियनवर बसलेला तो,
कपाळावर आम्ही ठेवलेला वार्निशचा घाम.
लोक वाकून बघत, हळू बोलत,
निजल्या माणसापाशी बोलावं तसं.
एका पोरानं गुडघ्याला बोट लावलं,
आईनं हात ओढला: "काका रागावतील."

चार वाजता लाइन गेली.
दहा मिनिटांत सगळेच निथळायला लागले,
पाहुणे, प्राचार्य, पुष्पगुच्छवाला शिपाई,
आणि कोण घडवलेला ते
दारातून सांगता येईना.

तेव्हा निनावे आला. इस्त्रीचा शर्ट, मागं बायको.
दुपट्ट्यानं आधी स्वतःचं कपाळ पुसलं,
मग, मी नको म्हणायच्या आत, त्याचं.
थेंब जागचे हलले नाहीत.

"इतका थकल्यावानी दिसतो का जी मी?"
मी सुईच्या डबीचं झाकण लावत राहिले.
"नाही तं काय," बायको म्हणाली.

तो बराच वेळ पुतळ्याच्या डाव्या पायाकडे बघत होता,
जो वीस मिनिटांनी बधिर होतो.
"याले मुंग्या नाही येत, नाही?"
आणि स्वतःचा पाय दोनदा आपटला.

ते गोळीबार चौकाच्या ऑटोत बसले तेव्हा
दुपट्ट्याला एक केस चिकटलेला होता, भुवईचा.
त्याचा की याचा,
ऑटो सुरू झाली होती.