हिचं पळून झालंय

काझीभाईंनी आधी विचारलं, घर केवढं आहे.
मी म्हणाले, बारा बाय दहा. आणि मोरी.
पायमशीन धरली तर
बारा बाय आठच म्हणा.

वसमत रोडला, वीटभट्टीच्या मागं पत्र्याचं शेड.
जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेला माणूस,
खिशात अजून कापसाचा बोळा.
माझ्या पायाशी पाच पिल्लं, तोंडाला दुधाचा वास,
एकानं साडीचा काठ धरून ठेवला.
काठ चांगला होता. पिल्लूही.
मी वाकले, तर ते म्हणाले,
"न्या ताई. पण ह्याला अजून सगळी परभणी पळायचीय.
बारा बाय आठात हे चिंध्या करील,
कापडाच्या नाही, तुमच्या.
तिकडं कोपऱ्यात बघा.
हिचं पळून झालंय."

ती उठली नाही.
सात वर्षांची असेल, आठचीही,
दातांवरनं एवढंच सांगता येतं म्हणाले.
एक कान अर्धा. पोटाखाली ओघळलेली कातडी,
किती बाळंतपणं, कोण मोजणार.
जिनिंगच्या गेटवर रखवालीला होती म्हणे.
कापूस संपला, रखवाली संपली,
कुणी तरी ट्रॅक्टरमधून इथं आणून उतरवली.

मी शेपूट हलायची वाट बघितली.
तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या चपलांकडं,
मग परत पंजावर हनुवटी ठेवली.
लग्नसराई सरल्यावर
मी मशीनवर अशीच बसते.

रिक्षावाल्यानं तिचे वीस रुपये वेगळे घेतले.
कच्छवे काकू जिन्यातच म्हणाल्या,
"कामून आणलीस गं? तुलाच पुरंना पाणी."
ते खरं होतं.
दहा दहा दिवसांनी नळ, तोही रात्री दोनला, तीनला.

पहिल्या रात्री तिनं घर मोजलं.
भिंत, माठ, मोरी, भिंत, कपाट, भिंत.
टेप लावून मला जमलं नसतं इतकं नीट.
मग मशीनखाली शिरली
आणि पायडलवर हनुवटी टेकून झोपली.
सकाळी तीन ब्लाउज द्यायचे होते.
दोन हातानं टाचले,
तिसरीला सांगितलं, लाईट नव्हती.
पायमशीनला लाईट लागत नाही
हे तिच्या लक्षात आलं नाही, बरं झालं.

नाव तर लागतंच.
काझीभाईंच्या कागदावर नावापुढं नुसती रेघ.
काजं करता करता मी हाका मारून बघितल्या,
राणी म्हटलं, चिमणी म्हटलं, हौसा,
गल्लीत मरून गेलेल्या सगळ्या कुत्र्यांची नावं काढली.
तिला आधीचं एखादं असणार,
ते त्या गेटवरच राहिलं.
चौथ्या दिवशी चहा उतू जायला लागला
आणि मी घाईत म्हणाले, ए गं, सरक —
अर्धा कान उभा राहिला.

ए गं.
बावीस वर्षं मला घरात
दुसरं नाव नव्हतं.
होतं, रेशनकार्डावर.
चहा सांडला तो सांडू दिला.

अकरा दिवस ती भुंकली नाही.
मला वाटलं मुकी असेल,
वाटलं, असेना.
बाराव्या रात्री उठून मोरीत गेली,
नळाच्या तोंडाला नाक लावलं
आणि एकदाच भुंकली,
घसा बसलेली बाई बोलते तशी.
मी लाटणं घेऊन उठले.
तेवढ्यात पाइपात हवा फुसफुसली.

गल्लीत अजून एकही दिवा नव्हता.
मी घागर लावली. ती बाजूला बसली,
शिंतोडे उडत होते तरी सरकली नाही.
वरनं काकूंनी खिडकी उघडली,
"आलं का गं?"

आम्ही दोघींनी वर बघितलं.